लोणी काळभोर ते भाजे : चालण्याच्या साधनेचा प्रवास

लोणी काळभोर हे चालणाऱ्यांचे गाव आहे, असे म्हटले तर आज कोणाचा विश्वास बसणार नाही. पुणे-सोलापूर महामार्गावरील या गावाची ओळख आता तेल कंपन्यांच्या साठवण टाक्या, टँकरच्या रांगा, शिक्षणसंस्था आणि वाढत्या सोसायट्या अशी झाली आहे. तरीही दरवर्षी आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसरला माउलींच्या पालखीपासून वेगळी होते आणि पुढच्या मुक्कामाला लोणीस येते. त्या दिवशी याच महामार्गावर वाहन थांबते आणि माणूस चालतो. शिवाय आपल्या समाजाला परिचित असलेले आणखी एक दृश्य येथे दिसते. पहाटेच्या अंधूक प्रकाशात, रस्त्याच्या कडेने, अनवाणी पायांनी विहार करणारे साधू-साध्वी. बाजूने अवजड वाहने धडधडत जात असतात आणि त्यांची दृष्टी मात्र पुढच्या चार हात जमिनीवर असते.

चार दिवस व्यवहार बाजूला ठेवून स्वतःकडे पाहावे, ही कल्पनाही या परिसराला नवी नाही. शेजारच्या उरुळी कांचन येथे मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी येऊन राहिले आणि तेथे निसर्गोपचार आश्रमाची सुरुवात झाली. मणिभाई देसाई यांनी पुढे आयुष्यभर तो सांभाळला. लोणीजवळच रामदऱ्याचे शांत शिवालय आहे. मुळा-मुठेच्या काठी विश्वराजबागेत विश्वशांतीचा भव्य घुमट उभा आहे. इतके सारे हाताशी असताना लोणीतील एका जैन व्यापारी घरातला तरुण ध्यान शिकण्यासाठी मावळातील एका बौद्ध केंद्रात जाऊ इच्छितो, तेव्हा घरात प्रश्न उठणे स्वाभाविक आहे.

घरातला प्रश्न

हा तरुण माझा पुतण्या. धान्याचा आणि किराण्याचा घाऊक व्यापार सांभाळतो. उधारी, जीएसटीचे विवरणपत्र, गोदामातील माल आणि मोबाइलवरचे भाव यांत त्याचा दिवस जातो. रात्री दुकान बंद झाले तरी डोक्यातील दुकान उघडेच राहते, अशी त्याची तक्रार होती. डॉक्टरांनी औषधासोबत ध्यान आणि हलका व्यायाम सुचवला. एका ग्राहकाकडून त्याला भाजे येथील शिबिराची माहिती मिळाली.

वहिनींना ते रुचले नाही. त्या मला म्हणाल्या, ‘‘भावोजी, आपल्यात काय कमी आहे? सामायिक आहे, प्रतिक्रमण आहे, कायोत्सर्ग आहे. दुसऱ्याच्या दारी कशाला जायचे?’’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. आज ध्यान शिकायला गेलेला मुलगा उद्या पर्युषणात घरी असेल ना, ही ती काळजी. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अनेक वाचकांच्या घरी हाच संवाद वेगळ्या शब्दांत झाला असेल.

शेवटी असे ठरले की काकांनी सोबत जावे. बँकेतील नोकरीत मी अनेक खात्यांची तपासणी केली आहे. बाहेरून ऐकून अहवाल लिहायचा नाही, जागेवर जाऊन पाहायचे, हा त्या कामाचा नियम. तोच धरून मी निघालो.

लोणी ते मळवली

लोणी स्थानकावरून दौंडहून येणारी गाडी धरायची, मांजरी आणि हडपसर मागे टाकून पुण्यास उतरायचे आणि तेथून लोणावळा लोकल घ्यायची. मोटारीने जाणे सोपे होते, पण रेल्वेने गेल्यामुळे या वाटेवरची स्थानके नीट पाहता आली. ती जणू एका क्रमाने लावून ठेवली आहेत.

दापोडी येते. येथे त्रिरत्न बौद्ध महासंघाचा महाविहार आहे. भाज्याचे केंद्र याच संस्थेचे. पुढे देहूरोड. तुकोबांच्या देहूला जाणारे येथे उतरतात आणि याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली होती. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली.

तळेगाव, वडगाव, कान्हे ओलांडून कामशेत येते. येथे जैन वाचकाने खिडकीबाहेर जरा लक्षपूर्वक पाहावे. जवळच्या पाले गावच्या डोंगरात एक साधे लेणे आहे आणि त्यात ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. अरहंतांना नमस्कार करून हा लेख सुरू होतो आणि भदंत इंदरखित यांनी लेणे व पाण्याचे टाके करविल्याचे सांगतो. नवकार मंत्राशी मिळत्याजुळत्या या आरंभामुळे तो जैन लेख मानला गेला. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असून महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या जैन लेखांत त्याची गणना होते. तसाच आरंभ असलेला आणखी एक लेख अलीकडे लोहगडवाडीच्या डोंगरात अभ्यासकांना आढळला. लोहगड म्हणजे भाजे लेण्यांचा शेजारीच.

‘अरहंत’ आणि ‘भदंत’ हे दोन्ही शब्द त्या काळी जैन आणि बौद्ध दोघेही वापरीत. म्हणजे मावळच्या या डोंगररांगेत दोन श्रमण परंपरांचे साधू एकाच पावसात, हाकेच्या अंतरावर राहत होते. पुतण्याला मी हे गाडीतच सांगितले. तो म्हणाला, ‘‘काका, मग आपण दुसऱ्याच्या दारी चाललो आहोत की जुन्या शेजाऱ्याकडे?’’ या प्रश्नाचे उत्तर मी परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवले.

व्यापाऱ्यांनी जपलेली शांतता

मळवली स्थानकावरून भाजे गाव दोन-तीन किलोमीटर. पावसाळा नुकताच सरला होता. भातखाचरे पिवळी पडू लागली होती, समोर विसापूरचा कडा आणि त्याच्या कुशीत लेणी. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानली जातात. मुख्य चैत्यगृहाच्या कमानदार छताला लाकडी फासळ्या आहेत आणि बाजूला लहान-मोठ्या १४ स्तूपांचा एक समूह आहे. भिक्षूंसाठी खोदलेल्या खोल्या इतक्या लहान की दगडी ओट्यावर एका माणसाने पाठ टेकावी एवढीच जागा.

ही लेणी एकांतात आहेत, पण आडवाटेला नाहीत. सोपारा व कल्याणच्या बंदरांतून बोरघाट चढून पैठण आणि तेरकडे जाणारा व्यापारी मार्ग या खोऱ्यातून जात असे. दात्यांमध्ये व्यापारी मोठ्या संख्येने होते. खोऱ्याच्या पलीकडील कार्ले येथील भव्य चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले, असे तेथील लेख सांगतो.

बँकेच्या माणसाला याहून आवडेल असा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. २००० दरमहा एक टक्क्याने आणि १००० दरमहा पाऊण टक्क्याने. मुद्दलास हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. अशा ठेवीस अक्षयनीवी म्हणत. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी द्यायचे होते. हिशेब करून पाहावा. २००० वर वर्षाला १२ टक्के म्हणजे २४० आणि २० भिक्षूंचे प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा ताळा तंतोतंत जुळतो.

साधकाला चार महिने निवांत बसता यावे म्हणून गृहस्थाने आपल्या व्यवहारातून तरतूद करायची, ही व्यवस्था आपल्या चातुर्मासाशी किती जवळची आहे! शांतता आपोआप मिळत नाही. कोणीतरी तिचा खर्च उचललेला असतो.

भाज्याचे केंद्र आणि तेथील माणसे

लेण्यांच्या या गावात ‘सद्धम्म प्रदीप’ हे शिबिर केंद्र आहे. त्यामागचा इतिहास थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये जन्मलेले संघरक्षित (१९२५–२०१८) दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिक म्हणून भारतात आले, पुढे भिक्षू झाले आणि कालिम्पाँगला राहिले. डॉ. आंबेडकरांशी त्यांचा परिचय होता. त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र १९७७ मध्ये योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे योग शिकण्यासाठी पुण्यास येण्यास निघाले. वाटेत ते नागपूरला पोहोचले तेव्हा तेथे धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनाचा सोहळा सुरू होता. तो पाहून त्यांनी भारतात राहून काम करण्याचे ठरवले. १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाची स्थापना झाली. तोच आज त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणून ओळखला जातो. ध्यान आणि शरीराच्या सजग हालचाली यांचा मेळ या परंपरेत दिसतो, त्यामागे हेही एक कारण असावे.

शिबिरात मला सर्वांत अधिक शिकवले ते सहशिबिरार्थींनी. दापोडी, येरवडा, पिंपरी अशा भागांतून आलेले कामगार, शिक्षक, रिक्षाचालक, परिचारक. एका गृहस्थांनी बोलता बोलता सांगितले की त्यांच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि शांतपणे डोळे मिटून बसायचे तर पहाटे साडेतीनला उठावे लागते. आपल्या घरांत देवघर स्वतंत्र असते, गावात स्थानक वा मंदिर असते, उपाश्रयाचा गारवा असतो. एवढी सोय असूनही आपण सामायिकाला बसत नाही आणि तो माणूस जागा नसताना बसतो. हा फरक मनाला लागला.

पंगतीत सर्व एकत्र, आपले ताट आपण धुवायचे, भाजी चिरण्याची पाळी सर्वांना. घाऊक बाजारात ज्यांच्याशी आपला संबंध हमालीच्या दरापुरता येतो, अशा घरांतील माणसांबरोबर पुतण्या चार दिवस बसला, जेवला आणि चालला. अपरिग्रह आणि समभाव हे शब्द व्याख्यानात ऐकणे वेगळे आणि पंगतीत अनुभवणे वेगळे.

बसणे, वाकणे, चालणे

साधना दोन प्रकारची. पहिली आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे केवळ पाहणे. दुसरी मैत्रीभावना. आधी स्वतःबद्दल, मग मित्राबद्दल, मग ज्याच्याशी ना ओळख ना वैर अशा माणसाबद्दल, मग ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबद्दल आणि शेवटी सर्व प्राणिमात्रांबद्दल शुभ चिंतायचे. पुतण्याला चौथ्या पायरीवर एक थकबाकीदार आठवला. तो म्हणाला, ‘‘काका, त्याला क्षमा करणे जमेल, पण त्याचे भले व्हावे असे वाटणे फार कठीण.’’ मी म्हटले, ‘‘त्याचे भले झाले तरच तुझी बाकी फिटेल.’’ दोघेही हसलो, पण त्या विनोदात तथ्य होते.

बौद्ध परंपरेत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार सांगितले आहेत. आपल्या तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना आहेत. शब्द जवळजवळ तेच. संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो आणि सर्वांशी मैत्री जाहीर करतो. येथे तीच मैत्री रोज सकाळी, एकेका माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून, पायरीपायरीने घडवायची असते.

बैठकीच्या आधी थोड्या संथ हालचाली होत. हात वर नेणे, कमरेतून हळू वाकणे, मान वळवणे. गती महत्त्वाची नव्हती, हालचाल होत असताना तिचे भान महत्त्वाचे होते. व्हिएतनामचे भिक्षू थिच न्हात हन्ह (१९२६–२०२२) यांनी अशाच दहा सोप्या सजग हालचाली जगभर पोहोचवल्या. गुडघ्यांची तक्रार असलेल्या माझ्यासारख्यालाही त्या झेपल्या.

बैठकींच्या मध्ये चालण्याचे ध्यान असे. पालीत त्याला चंकम म्हणतात. वीस-पंचवीस पावलांची एक सरळ वाट निवडायची. नेहमीपेक्षा किंचित संथ चालायचे. लक्ष तळपायावर ठेवायचे. टाच टेकली, भार पुढे गेला, पाऊल उचलले. वाटेच्या टोकाशी थांबायचे, उभे राहायचे, मग वळायचे. मन गोदामात गेले तर त्याला न रागावता परत पावलावर आणायचे. बुद्धांनी चंकमाचे पाच लाभ सांगितल्याचे अंगुत्तर निकायात नमूद आहे. प्रवासाची क्षमता, परिश्रमाची क्षमता, आरोग्य, अन्नाचे पचन आणि टिकाऊ एकाग्रता. व्यापाऱ्याला पटेल अशी ही यादी आहे. चार लाभ व्यवहाराचे आणि एक परमार्थाचा.

पाऊल कोणासाठी जपायचे?

दुसऱ्या दिवशी त्या वाटेवर चालताना मुंग्यांची रांग आडवी आली. माझे पाऊल आपोआप थबकले. त्या क्षणी मला महामार्गाच्या कडेने विहार करणारे आपले साधू आठवले.

जैन मुनींच्या पाच समितींमध्ये पहिली ईर्यासमिती. पुढील सुमारे चार हात भूमी पाहत, जीवांना इजा न होईल असे चालायचे. गृहस्थाच्या सामायिकातही सुरुवातीला इरियावहिया सूत्र येते. येता-जाता पायाखाली जे जीव दुखावले गेले असतील त्यांची त्यात आलोचना असते. म्हणजे आपल्याकडे साधनेचे दारच पावलाच्या विचाराने उघडते. आचारांगसूत्राच्या उपधानश्रुत या नवव्या अध्ययनात भगवान महावीरांच्या विहाराचे वर्णन आहे. त्यात ते वाट पाहत, जपून चालतात आणि पुरुषभर अंतरावर दृष्टी स्थिर करून ध्यान करतात.

दोन्ही पद्धतींतला फरक मला तेथे स्पष्ट झाला. ईर्यासमितीत दृष्टी बाहेर असते. माझ्या पावलाने समोरचा जीव मरू नये, ही तिची चिंता. चंकमात लक्ष आत असते. माझे मन पावलाला सोडून कोठे जाते, हे पाहणे हे त्याचे काम. एक पायाखालच्या जीवाला जपते, दुसरे पाय उचलणाऱ्या मनाला. आणि जरा विचार केला तर ध्यानात येते की मन भरकटलेले असताना डोळे जमिनीवर असूनही मुंगी दिसत नाही. ईर्यासमिती खऱ्या अर्थाने पाळायची तर आतले भान हवेच. आपल्या आचार्यांनी समितीबरोबर मनोगुप्ती सांगितली ती याचसाठी.

गंमत अशी की हाच वाद अडीच हजार वर्षांपूर्वी झाल्याची नोंद बौद्धांच्या मज्झिम निकायात आहे. नालंदेचा उपाली हा निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे भगवान महावीरांचा, गृहस्थ अनुयायी. पापकर्मात कायेचा वाटा मोठा की मनाचा, यावर वाद करण्यास तो बुद्धांकडे गेला आणि त्यांचे म्हणणे पटून त्यांचा उपासक होऊ इच्छिला. ग्रंथ बौद्धांचा असल्याने विजय बुद्धांचाच दाखवला आहे. आपल्या दृष्टीने तो एकतर्फी आहे. पण त्यातली एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. बुद्धांनी उपालीला सांगितले की नीट विचार करून निर्णय घे आणि तुझे घर दीर्घकाळ निर्ग्रंथांसाठी पाणवठ्यासारखे राहिले आहे, तेव्हा दारी येणाऱ्या निर्ग्रंथांना भिक्षा देणे थांबवू नकोस. प्रतिपक्षाच्या ग्रंथानेही जैन साधूंची भिक्षा राखली आहे, एवढे वहिनींना सांगण्यासारखे होते.

म्हणून दोन्ही धर्म एकच, असे म्हणण्याचे कारण नाही. आपण आत्मा मानतो, बौद्ध अनात्मवाद मानतात. आपल्याकडे तपाने कर्माची निर्जरा आहे, त्यांच्याकडे अतिकठोर तपाऐवजी मध्यम मार्ग आहे. हे भेद मूलभूत आहेत आणि ते झाकून ठेवणे दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे आहे. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आणले तरी घर आपलेच राहते. मात्र घर कोणते, हे माहीत असले पाहिजे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

पुण्याच्या परिसरात दुसरा मार्ग विपश्यनेचा आहे. आळंदीजवळ मरकळ येथे ‘धम्मानंद’ केंद्र आहे आणि शहरात स्वारगेटजवळ दादावाडी परिसरात ‘धम्मपुण्ण’. दादावाडी हे नावच आपल्याला जवळचे. विपश्यना भारतात परत आणणारे सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) हे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. तीव्र अर्धशिशीने त्रस्त होऊन ते १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. आपला धर्म सुटेल, या शंकेने तेही आधी कचरले होते. त्यांचे गुरू स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, म्हणजे हिशेब तपासणारे अधिकारी. ते आपल्या कार्यालयातील माणसांनाही ध्यान शिकवीत. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी सुरू झाले.

विपश्यनेचे मूळ शिबिर दहा दिवसांचे. मौन कडक असते, पहाटे चारला उठावे लागते, शुल्क नसते, शिबिर पूर्ण केल्यावर स्वेच्छेने दान देता येते. जुन्या साधकांना दुपारनंतर भोजन नसते, त्यामुळे चौविहार करणाऱ्यांना अडचण येत नाही. मात्र शिबिरकाळात योगासने किंवा इतर व्यायाम करता येत नाही. नेमून दिलेल्या जागेत चालता येते. ज्यांना हालचालींसह सौम्य सुरुवात हवी, त्यांना भाज्यासारखे छोटे शिबिर बरे.

आपल्याच परंपरेत करायचे असेल तर आचार्य तुलसी आणि आचार्य महाप्रज्ञ (१९२०–२०१०) यांनी १९७५ च्या सुमारास मांडलेले प्रेक्षाध्यान आहे. त्यात कायोत्सर्ग, श्वासप्रेक्षा आणि चालण्याचा अभ्यासही आहे. त्याचीही शिबिरे भरतात.

कोठेही जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, भोजन शाकाहारी असले तरी कांदा, लसूण, बटाटा यांचे काय, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय होईल का. दोन, बैठकीसाठी खुर्ची मिळेल का. तीन, मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांची आणि शिबिर संचालकांची आधी संमती. ध्यान हे औषधाला पर्याय नाही. पुतण्याची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरूच आहेत.

परत लोणीत

परतीच्या गाडीत पुतण्याने आपला प्रश्न पुन्हा काढला. मी म्हटले, जुना शेजारी खराच. पण त्याच्याकडे जाण्याची गरज का पडली, याचे उत्तर आपण आपल्या घरी शोधले पाहिजे. सूत्रे आपल्याला पाठ आहेत, पण ती जगण्यासाठी लागणारा अवकाश आपण ठेवलेला नाही. ४८ मिनिटांच्या सामायिकात घड्याळाकडे पाहणारी नजर आणि कायोत्सर्गात खिशात थरथरणारा मोबाइल, हे चित्र कोणाला अपरिचित आहे?

आता तो दुकान बंद केल्यावर थेट घरी येत नाही. मुठा उजव्या कालव्याच्या रस्त्याने पंधरा मिनिटे संथ चालतो आणि मग घरी येऊन प्रतिक्रमणाला बसतो. पूर्वी तो आठवड्यातून एकदा बसत असे. वहिनींनी यावर काही भाष्य केले नाही, पण रात्रीच्या त्या वेळेला त्या दूरदर्शन संच बंद ठेवू लागल्या आहेत.

माझी समाजापुढे एक लहानशी सूचना आहे. आपल्या प्रत्येक स्थानकात वा उपाश्रयात व्याख्यानासाठी मोठे सभागृह असते, भोजनासाठी मंडप असतो. त्यासोबत मोबाइल बाहेर ठेवून प्रवेश करायची एक छोटी खोली असावी आणि तिच्या बाहेर पंचवीस पावलांचा एक मोकळा मार्ग असावा. रोज पहाटे आणि रात्री तासभर तो सर्वांसाठी, ज्याच्या घरी शांत कोपरा नाही अशा शेजाऱ्यासाठीही, उघडा राहावा. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी डोंगर कोरून साधकांना जागा करून दिली. आपल्याला एक व्हरांडा रिकामा करता आला तरी पुष्कळ आहे. येत्या चातुर्मासाआधी लोणीत त्याची सुरुवात करण्याचा आमचा विचार आहे. जागेचे माप घेऊन झाले आहे.